ठासणीच्या बंदुकीत काडतूस चालेल का?

मागच्या भागात आपण 1857 च्या काडतुसांवर बोललो. तो ऐकून कुडाळहून मामाचा फोन आला. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, आजोबांच्या वेळची. रानडुकरं भातात घुसली की एक बार काढायचा आणि परत दारू ठासत बसायचं. तोवर डुकरं पसार. "इंग्रजांनी ठासणीची काडतुसाची केली म्हणतोस, मग माझी का नाही होणार?"

इथे मोहन्यात आमच्या शेजारी निवृत्त टर्नर काका राहतात. त्यांना सहज विचारलं, तर म्हणाले, "लेथवर अर्ध्या दिवसाचं काम!" मला घामच फुटला. म्हणून आजचा भाग.

इंग्रजांनी हे केलं, हे खरं. ज्या एनफिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून 1857 पेटलं, तीच ही रायफल. तेव्हाचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी, दातांनी फोडून नळीत ओतायची. दहाएक वर्षांत तशा लाखो रायफली जुन्या ठरल्या. फेकायच्या कशा? अमेरिकेच्या जेकब स्नायडरने तोड काढली: नळीचा मागचा भाग कापायचा आणि तिथे बिजागरीने बाजूला उघडणारा ठोकळा बसवायचा. 1866 साली ती मंजूर झाली, आणि त्याच वर्षी बिचारा स्नायडर वारला. मिनिटाला तीन बार काढणारा शिपाई आता दहा काढू लागला.

फरक किती पडला, ते 1868 च्या ॲबिसिनिया मोहिमेत दिसलं. फौज मुंबईहून गेली होती, सेनापती रॉबर्ट नेपियर. अरोगीच्या लढाईत गोऱ्या पलटणीकडे स्नायडर होत्या, पंजाबी पायोनियरांकडे मात्र जुन्या ठासणीच्या, कारण 1857 नंतर हिंदी शिपायाला चांगली रायफल द्यायची नाही हे धोरण. शत्रू अंगावर आल्यावर त्यांना संगिनीवर निभवावं लागलं.

आता मामाच्या प्रश्नाकडे. ठासणीच्या नळीचं मागचं टोक आट्यांच्या बुचाने पक्कं बंद असतं. वायूला वाट पुढेच. ते टोक कापलं की तुमच्या डोळ्यांत आणि स्फोटात उरतं ते काडतुसाचं पातळ पितळ. बार उडताना ते फुगून नळीला चिकटतं आणि वायू अडवतं. ते फाटलं तर सगळं मागे, तोंडावर. सैन्याच्या स्नायडरसाठी वुलिचला कर्नल बॉक्सरने खास काडतूस बनवलं, त्यात दारू जवळपास जुन्या एनफिल्डइतकीच ठेवली, म्हणजे नळीवर जादा जोर नाही. तरी ठोकळा बारासोबत उघडण्याची भीती राहिलीच. मार्क तीनमध्ये त्याला खिटी आली आणि नळ्याही नव्या, पोलादी घेतल्या. म्हणजे शेवटी जुनी नळी सोडलीच की!

आम्ही सॉफ्टवेअरवाले जुन्या सिस्टिमवर पॅच मारतो. फसला तर सर्व्हर बसतो, कुणाचा डोळा जात नाही.

शिवाय आज दुकानात मिळणारी काडतुसं धूररहित दारूची. तिचा दाब काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त, आणि ती आजच्या पोलादासाठी बनलेली. आजोबांच्या वेळच्या लोखंडात आतून गंजाचे खड्डे असतील तर बाहेरून कळत नाही. सैन्यात प्रत्येक नळी जादा दारूचा बार काढून तपासत. काकांच्या लेथवर ते कोण करणार? आणि शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुकीचं असं रूपांतर करायला वेगळा परवाना लागतो. मामाकडे आहे तो ठासणीची बंदूक बाळगण्याचा.

फोनवर एवढं सगळं सांगितलं. मामा गप्प. मग म्हणाला, "म्हणजे ठासतच बसू?"

बंदूक सध्या निवडणुकीमुळे पोलीस ठाण्यात जमा आहे. परत आली की आधी परवाना असलेल्या कारागिराला नळी आतून दाखव, असं सांगितलंय. काकांना मात्र अजून स्नायडरचा फोटो हवाय. बिजागरी कशी बसवली, ते बघायचंय म्हणे.