दापोडीच्या बागेतील अनाम चित्रकार

कोकणातल्या कुणकेश्वराच्या परिसरात सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवर आणि गडग्यांच्या आधाराने पावसाळ्यात वाढणाऱ्या कळलावीचे फूल उमलताना हिरवट पिवळे असते आणि जून होता होता लालभडक होते. परंतु तेच फूल दाबून, वाळवून वनस्पतिसंग्रहाच्या कागदावर चिकटवले की हा रंगपालट हरवतो. जिवंत झाड समोर ठेवून केलेल्या जलरंगचित्रांची वनस्पतिशास्त्राला गरज भासली ती यामुळेच.

फुलाबरोबर त्यावरचे कीटकही रंगवण्याची परंपरा युरोपात मारिया सिबिला मेरियन हिच्या 1705 च्या सुरिनाममधील कीटकांवरील ग्रंथाने रुजवली, आणि 1766 मध्ये मुंबईस आलेल्या जेम्स फोर्ब्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरानेही येथील फुले फुलपाखरांसह रंगवली. पुढे शास्त्रीय चित्रांतून कीटक बहुधा गळाले, आणि त्यांची जागा पुंकेसर, बीजकोश अशा सुट्या करून दाखवलेल्या अवयवांनी घेतली. अचूकता वाढली, पण फूल आणि कीटक यांचा संबंध कागदावरून पुसला गेला, ही हानी लहान नव्हे.

या शास्त्रीय वळणाचा महाराष्ट्रातील ठळक नमुना पुण्याजवळच्या दापोडीचा, म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतील दापुरीचा. मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, 1828 मध्ये तेथे वनस्पती उद्यान सुरू झाले, आणि 1838 पासून त्याची देखरेख करणारे स्कॉटिश शल्यवैद्य अलेक्झांडर गिब्सन यांनी तेथील औषधी वनस्पतींपासून सैन्यासाठी औषधे तयार करवली. त्यांनीच 1847 ते 1850 या काळात एका चित्रकाराकडून दीडशेहून अधिक जलरंगचित्रे करून घेतली. ती आज एडिनबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत आणि हेन्री नॉल्टी यांनी 2002 मध्ये त्यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच कळते. गिब्सन यांचे नाव हॅबेनेरिया गिब्सनी या आमरीच्या शास्त्रीय नावात टिकले. ज्याने पाकळीवरची शीरन् शीर रेखली, त्याचे नाव मात्र कोणी नोंदवले नाही.

हे त्या काळी अटळ होते, असेही म्हणवत नाही, कारण त्याच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आधी कोचीचे डच अधिकारी व्हान रीड यांनी मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्तुस मलाबारिकुस' या ग्रंथाच्या 1678 मधील पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या कोकणी वैद्यांची साक्ष, 1675 च्या तारखेनिशी, नागरी अक्षरांत त्यांच्या नावांसह छापली होती.