पांढऱ्या जमिनीची मागणी

सुरत म्हटले की मराठी मनाला 1664 आणि 1670 या दोन साली शिवाजी महाराजांनी केलेली लूट आठवते; परंतु ज्या मालामुळे हे बंदर लुटण्याजोगे श्रीमंत झाले, तो घडविताना दूरदेशीच्या गिऱ्हाइकाची रुची कशी अजमावली जाई, याची हकीकत आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतो.

जहांगीर बादशहाच्या फर्मानाने 1613 च्या सुमारास येथे वखार घालणाऱ्या इंग्रजांनी प्रथम आपल्या थंड मुलखातली जाड लोकरी बनात आणली, आणि तापीकाठच्या उकाड्यात ती अंगावर कोण घेणार, हा प्रश्न लंडनच्या धन्यांना बहुधा पडलाच नाही. उमरावांनी ती घेतली खरी, पण हत्तींच्या झुलींसाठी आणि जिनांसाठी! उलट, मसाल्याच्या बेटांवर मिरी घ्यायला गेल्यावर इंग्रजांना कळून चुकले की तेथील लोकांना बनात नको, गुजराती कापड हवे.

या धड्यानंतर तीस वर्षांनी, 1643 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी सुरतेच्या वखारीला एक पत्र धाडले. तुमच्या रजयांची जमीन बहुतांशी उदासवाणी तांबडी असते, ती सर्व खरेदीदारांना रुचत नाही, तेव्हा पुढे जमीन अधिक पांढरी ठेवावी आणि मध्ये रंगीत फुले व फांद्या चितार्‍याच्या मर्जीप्रमाणे काढाव्यात, असा त्याचा आशय होता. संगणकाच्या पडद्यांची रचना करणारे आज ज्याला ‘युजर रिसर्च’ म्हणतात, त्याचा हा मला तरी फार सुबक मासला वाटतो. कारण गिऱ्हाइकाची अडचण त्यात नेमकी सांगितली आहे, आणि तिचा परिहार मात्र कारागिराच्या हाती सोडला आहे.

अर्थात पांढरी जमीन मागणे सोपे, राखणे कठीण. तुरटी लावलेल्या भागावर तांबडा रंग पक्का बसतो, पण रंगाच्या कढईत बुडालेल्या उरलेल्या कापडावरही त्याची झाक चढतेच, आणि ती घालविण्यासाठी शेणपाण्यात भिजवून उन्हात वाळविण्याचे सोपस्कार पुनःपुन्हा करावे लागतात, हे पत्र लिहिणाऱ्या कारकुनाच्या गावीही नसावे. शिवाय फर्माईश वखारीत येणार, तेथून दलालामार्फत दादनीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या, रकमेसह रंगाऱ्याकडे जाणार, तयार माल वखारीत पारखला जाऊन मोसमी वाऱ्यांच्या तालाने विलायतेला पोचणार. एका सुधारणेची परीक्षा व्हायला दोन वर्षे सहज लोटत.

पुढे 1660 नंतर लंडनहून चित्रांचे नमुनेच येऊ लागले. न पाहिलेल्या देशाची ती फुले चितार्‍यांनी आपल्या हाताच्या वळणाने उतरविली, त्यांत इराणी आणि चिनी वळणेही मिसळली, आणि पलंगपोसांवर असा एक वृक्ष उगवला की ज्याच्या एकेका फांदीवर निरनिराळ्या जातींची फुले डोलत. तो विलायतेला इतका आवडला की तेथल्या विणकरांच्या ओरडीपुढे पार्लमेंटला 1701 पासून अशा कापडाची तेथे वापरासाठी होणारी आयात, आणि 1721 च्या कायद्याने त्याचा वापरही, बंद करावा लागला.