आजोबा कुठले?

बुधवार, 22 नोव्हेंबर 1972. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या प्रेक्षक गॅलरीत तुम्ही अंग चोरून बसला आहात. खाली हिरवी बाकं. खासदार 630, बसायला जागा 427 जणांना. सगळेच आले तर कित्येकांना उभंच राहावं लागतं. टीव्हीचे कॅमेरे नाहीत, रेडिओही नाही. बाहेरच्यांना जे कळायचं ते बातम्यांतून.

गृहमंत्री रॉबर्ट कार यांनी इमिग्रेशनचे नवे नियम सभागृहापुढे ठेवले आहेत. 1971 चा इमिग्रेशन कायदा येत्या 1 जानेवारीपासून लागू होणार आहे. पण विमानतळावरचा अधिकारी कुणाला आत सोडणार, किती दिवस राहू देणार, काम करू देणार की नाही, ते ठरणार या नियमांवरून. आणि खासदारांना त्यातला स्वल्पविरामही बदलता येत नाही. पसंत नसतील तर 40 दिवसांच्या आत सगळेच्या सगळे फेटाळायचे, एवढंच हाती. म्हणजे खासदारांचं म्हणणं ऐकायचं तर मंत्र्यांनी ते नियम छापण्याआधी ऐकायला हवं. ते पुरेसं ऐकलं गेलेलं नाही, हे सत्ताधारी बाकांवरच्या चेहऱ्यांकडे बघून तुम्हाला इतक्या उंचावरूनही कळतं.

सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांना नेमकं काय झोंबलंय? त्याच 1 जानेवारीला ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात सामील होतोय. त्यामुळे इटलीचा किंवा जर्मनीचा कामगार इथे नोकरी शोधायला सरळ येऊ शकेल. आणि महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढलेला ऑस्ट्रेलियन? त्याचे आई-वडील ऑस्ट्रेलियात जन्मलेले असतील, तर आजोबा भले यॉर्कशायरचे असोत, त्याला वर्क परमिट लागेल. कालचे शत्रू घरात आणि नातलग उंबऱ्याबाहेर, असा हा संताप आहे. त्यात काही जणांचा खरा राग युरोपवर आहे. इमिग्रेशन हे आयतं निमित्त. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांना युरोप जितका प्रिय, तितकाच तो यांना नकोसा.

समोरच्या लेबर पक्षालाही हे नियम नकोत, पण कारण उलटं. शर्ली विल्यम्स त्यांच्या गृहखात्याच्या प्रवक्त्या. मुळात हा कायदाच रंग बघून माणसं निवडतो, असा त्यांच्या पक्षाचा आक्षेप. एकाला गोऱ्या भावंडांसाठी दार उघडं हवंय, दुसऱ्याला काळ्या-गोऱ्याची निवडच नकोय, आणि मत मात्र दोघांचं एकच पडणार. संसदेत असे सोयीचे शेजारी नेहमीच भेटतात.

गॅलरीत तुमचा शेजारी मात्र वेगळा आहे. मूळचा गोव्याचा, कंपालात सरकारी कारकून होता. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाईंना देश सोडायला दिलेली 90 दिवसांची मुदत दोन आठवड्यांपूर्वी, 8 नोव्हेंबरला संपली. ब्रिटनमध्ये आलेल्या सुमारे 28 हजारांपैकी हा एक.

“तुमचे आजोबा कुठले?” तो हळूच विचारतो.

“सातारचे.”

“माझे बार्देशचे. मग इथे आपल्याबद्दल कोणी बोलणार नाही.”

मतदानाची घंटा घणघणते. इथे हात वर करून चालत नाही. दोन बाजूंच्या दोन दालनांतून चालत जायचं आणि दाराशी मोजून घ्यायचं. सरकारचे मुख्य प्रतोद फ्रान्सिस पिम यांच्या हाताखालचे व्हिप धावपळ करतायत. थोड्या वेळाने मतं मोजणारे चौघे सभापती सेल्विन लॉइड यांच्यापुढे ओळीने उभे राहतात. जिंकलेल्या बाजूने उजवीकडे उभं राहायचं, अशी इथली रीत; त्यामुळे आकडा वाचण्याआधीच सभागृहाला निकाल कळतो आणि एकच गलका उठतो. सरकारच्या बाजूने 240, विरोधात 275. काही सत्ताधारी खासदारांनी उघड विरोधी मत दिलं, त्यांच्याहून कितीतरी अधिक जण तटस्थ राहिले. 1970 च्या निवडणुकीत 30 चं बहुमत मिळवलेलं सरकार आज 35 मतांनी हरलं.

आता दोन महिने पुढे सरका. जानेवारी 1973. कार यांनी सुधारलेले नियम आणलेत. राष्ट्रकुलातल्या ज्या नागरिकाचे आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले, त्याला काम करायला परमिट नको. गंमत म्हणजे आजी-आजोबांची अशीच एक तरतूद 1971 च्या विधेयकात होती आणि ती समितीत वगळली गेली होती. कायद्यातून गेलेले आजोबा नियमांतून परत आले.

विचारल्याशिवाय नियम करू नका, हा खासदारांचा हट्ट रास्तच होता आणि मंत्र्याला वाकवण्याची ताकद त्यांनी दाखवली, हेही खरं. पण ती ताकद वापरली गेली स्वतःच्या गोतावळ्यासाठी. पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश पासपोर्ट घेऊन बसलेल्या उरलेल्या आशियाईंना या विजयातून काही मिळालं नाही. ते प्रवेशाच्या व्हाउचरसाठी लागलेल्या रांगेतच राहिले.

आता परत या. आजी-आजोबांचा तो नियम ‘यूके अँसेस्ट्री’ व्हिसा या नावाने अजून चालू आहे. पाच वर्षांचा मिळतो, आणि ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आजी किंवा आजोबांचा पुरावा मागतो. तुमची भाची नर्स म्हणून किंवा भाचा शिकायला तिकडे निघाला असेल, तर त्यांचे नियमही याच पद्धतीने सभागृहापुढे ठेवले जातात. खासदाराला त्यातला शब्द आजही बदलता येत नाही, आणि बहुतेक बदल मतदान न होताच लागू होतात.