खारदांड्याची मशेरी आणि जबड्याची कळ

खारदांडा हा वांद्रे आणि जुहूमधल्या किनाऱ्यावरचा कोळीवाडा. मुंबईच्या कोळीवाड्यांत दाढ-जबडा ठणकू लागला की बायका हाताशी असलेली मशेरी लावत: तव्यावर काळी होईतो भाजून चुरलेली तंबाखू, बोटाने हिरड्यांवर घासायची. कळ घटकाभर बधिरे, सवय मात्र जन्माची जडे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फली मेहतांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासून १९७२ साली तंबाखूचे दुष्परिणाम मांडले. १९९२ साली केंद्राने तंबाखूच्या दंतमंजनांवर बंदी घातली. घरच्या तव्यापर्यंत ती कशी पोहोचणार? म्हणूनच औषधाविना वेदना शमवणं ही इथे चैन नाही, जुनी गरज आहे.

जुनाट जबडेदुखीत पुष्कळदा दात शाबूत असतात, दुखतात ते चावण्याचे स्नायू. मनावरच्या ताणामुळे दात आवळून ते थकतात, असं शिकागोच्या डॅनियल लास्किन यांनी १९६९ साली मांडलं. त्याच वर्षी परळच्या केईएम रुग्णालयातल्या के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह शवासनाने रक्तदाब उतरत असल्याचं प्रसिद्ध केलं. विषय वेगळे, पण अंग सैल सोडणं हाच उपचार, हा धागा एक. आभासी वास्तवाचा चष्मा मला याच परंपरेतला वाटतो. २००० साली सिएटलच्या हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या दोन किशोरांच्या जखमांची शुश्रूषा करताना तो वापरला, तेव्हा काम लक्ष वळवण्याचंच होतं. २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएने जुनाट कंबरदुखीसाठी मान्य केलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम मात्र श्वास आणि शिथिलता शिकवतो. चष्मा उतरल्यावर कळ परत येणारच, या आक्षेपाला माझं उत्तर हेच: शिकलेली शिथिलता चष्म्याबरोबर उतरत नाही.

हा नुसता विश्वासाचा गुण नाही कशावरून? शंका रास्त आहे. लास्किन यांच्याच गटाने १९७६ साली २५ रुग्णांचे दात चावा जुळवण्यासाठी कानसल्याचं नुसतं नाटक केलं, तरी १६ जणांना भरपूर आराम पडला. पण कंबरदुखीच्या चाचणीत नकली चष्माही होता: वेदना निदान तीस टक्के घटल्याचं खऱ्या गटात ६६ टक्के रुग्णांनी सांगितलं, नकली गटात ४१ टक्क्यांनी. जबड्यासाठी तशीच कसोटी हवी, आणि ती नायर दंत रुग्णालयासारख्या पालिकेच्या संस्थेत व्हावी. चष्मा महाग ठरला, तर शवासनाला चटई पुरते. मात्र तंबाखू-सुपारी खाणाऱ्याचं तोंडच नीट उघडत नसेल, तर चष्म्याआधी तोंडाची तपासणी झालीच पाहिजे.