पास्टर्स फॉर पीस : क्यूबा मदतयात्रा

अमेरिकेने १९६० च्या दशकापासून क्यूबावर लादलेली व्यापार व प्रवासबंदी जाहीरपणे मोडणाऱ्या मदतयात्रा. बाप्टिस्ट धर्मोपदेशक ल्यूशियस वॉकर १९८८ मध्ये निकाराग्वात बोटीने प्रवास करताना काँट्रा बंडखोरांच्या गोळीबारात जखमी झाले. त्यानंतर त्यांनी ‘पास्टर्स फॉर पीस’ ही संघटना उभी केली. पुढे क्यूबाचा आधार असलेला सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबात औषधे, इंधन, अन्नधान्य सगळ्याचीच चणचण भासू लागली. तेव्हा १९९२ मध्ये मदत घेऊन संघटनेचा पहिला ताफा क्यूबाकडे निघाला.

अशा मदतीसाठी सरकारी परवाना मागण्याची सोय होती. या मंडळींनी तो मागायलाच ठाम नकार दिला. शेजाऱ्याला औषध द्यायला परवानगी कशाला, ही त्यांची भूमिका, आणि यात्रेचे सारे नैतिक बळ तिच्यातच आहे.

१९९३ च्या उन्हाळ्यात टेक्सासमधील लॅरेडो येथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ताफ्यातली एक पिवळी स्कूलबस अडवली. आतले लोक खाली उतरलेच नाहीत. रणरणत्या उन्हात तापलेल्या त्या बसमध्ये त्यांनी २३ दिवस उपोषण केले. शेवटी सरकारने बस सोडली आणि ती हवानाला पोहोचली.

१९९६ मध्ये क्यूबातील आरोग्यसेवेसाठी नेलेले संगणक जप्त झाले, तेव्हाचे उपोषण ९४ दिवस चालले. वॉकर २०१० मध्ये वारले; ताफे मात्र त्यानंतरही निघत राहिले.