बिनपगारी न्यायासन आणि संसदेचे प्रश्न

इंग्लंड आणि वेल्समधील नव्वद टक्क्यांहून अधिक फौजदारी खटले ज्या न्यायासनासमोर सुरू होऊन तिथेच निकाली निघतात, त्या आसनावर बसणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींजवळ कायद्याची पदवी नसते आणि त्यांना वेतनही मिळत नाही. शिक्षक, दुकानदार, निवृत्त कर्मचारी अशांपैकी निवडलेले हे लोक बहुधा तिघातिघांच्या पीठाने वर्षातून किमान 13 दिवस बसतात, कायद्याचा मुद्दा निघाला की पगारी विधी सल्लागाराचे मत घेतात आणि मोबदला म्हणून प्रवासखर्च व ठरावीक भत्ते एवढेच स्वीकारतात. आज त्यांना मॅजिस्ट्रेट म्हणतात. जुने नाव ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे आपल्या मुलखात शांतता राखण्याची सनद राजाकडून मिळालेला माणूस, आणि नावापुढची ‘जे. पी.’ ही अक्षरे त्याचीच. या संस्थेचा इतिहास लिहिताना तिच्या सातशे वर्षांच्या परंपरेचा गौरव करण्याची रीत आहे. पण तिच्याविषयी कायदेमंडळात वेळोवेळी काय विचारले गेले याचा माग घेतला, तर परंपरेइतकाच खर्चाचा आणि वर्गहिताचा हिशेबही समोर येतो.

पहिल्या रिचर्डने 1195 मध्ये काही नाइट सरदारांवर शांतता राखण्याचे काम सोपवले, 1327 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीत असे रक्षक नेमण्याची तरतूद झाली आणि 1361 च्या कायद्याने त्यांना गुन्हेगारांना पकडण्याबरोबरच गुन्ह्यांचा निवाडा करण्याचा अधिकार मिळाला. या घडामोडींमागे कॉमन्स सभेने राजाकडे पुन्हा पुन्हा केलेल्या विनंतीअर्जांचा रेटा होता. त्या काळी लोकप्रतिनिधीला मंत्र्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. सामूहिक अर्ज हेच त्याचे साधन होते. मात्र कॉमन्समध्ये काउंटीच्या वतीने बसणारे नाइट आणि काउंटीत शांतता राखणारे नाइट एकाच थरातले, पुष्कळदा तीच माणसे असल्यामुळे, न्याय स्थानिक लोकांच्या हाती द्यावा या मागणीचा व्यवहारातील अर्थ तो आमच्या हाती द्यावा असाच होत होता, हे विसरता येत नाही.

हे पद मुळात बिनपगारी नव्हते, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. 1388 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीत सहा न्यायाधीश ठरवून त्यांनी वर्षातून चार वेळा सत्र भरवावे असे सांगितले आणि सत्राच्या प्रत्येक दिवसाला न्यायाधीशाला 4 शिलिंग व त्याच्या कारकुनाला 2 शिलिंग असा दरही बांधून दिला. ही रक्कम वसूल झालेल्या दंडातून द्यायची होती. दर गोठला, महागाई वाढत गेली, आणि श्रीमंत जमीनदाराला त्या चार शिलिंगांची मातब्बरी उरली नाही. दुसरीकडे पात्रतेची अट कडक होत गेली: 1439 मध्ये वर्षाला 20 पौंड उत्पन्नाची जमीन आवश्यक ठरली आणि 1732 च्या कायद्याने ती मर्यादा 100 पौंडांवर नेली. वेतन नाही म्हणून फक्त धनिक, आणि फक्त धनिक म्हणून वेतनाची गरज नाही, असे हे चक्र फिरत राहिले. निःस्वार्थ सेवेचे तत्त्वज्ञान त्याला नंतर जोडले गेले.

ट्यूडर राजवटीपासून या मंडळींवर कामांचा बोजा वाढत गेला. दारूच्या गुत्त्यांचे परवाने, मजुरीचे दर, अनाथ व निर्धनांची व्यवस्था, रस्ते, पूल, तुरुंग हे सारे त्यांच्याकडे आले, आणि ‘क्वार्टर सेशन्स’ म्हणजे दर तिमाहीस भरणारे त्यांचे सत्र हे न्यायालय आणि जिल्हा प्रशासन दोन्ही होऊन बसले. लंडनमध्ये मात्र या व्यवस्थेचे पितळ उघडे पडले. तिथे प्रतिष्ठित माणूस हे किचकट काम अंगावर घेईना, आणि जे घेत ते प्रत्येक वॉरंट व जामिनामागे शुल्क आकारून त्यावर पोट भरत. अशांना लोक ‘व्यापारी जस्टिस’ म्हणून हिणवत. 1748 मध्ये वेस्टमिन्स्टरचे न्यायाधीशपद स्वीकारलेला कादंबरीकार हेन्री फील्डिंग या प्रथेविरुद्ध वागला, म्हणूनच त्याचे नाव राहिले. अखेर 1792 च्या मिडलसेक्स जस्टिसेस कायद्याने सात कार्यालये स्थापून प्रत्येकात वर्षाला 400 पौंड पगाराचे तीन मॅजिस्ट्रेट नेमले. बिनपगारी न्याय कधी कधी पगारी न्यायापेक्षा महाग पडतो, याची संसदेने दिलेली ही कबुली होती; पण ती तेव्हा राजधानीपुरतीच होती.

खेड्यापाड्यांतील न्यायासनाविषयी रोखठोक प्रश्न उपस्थित केले ते हेन्री ब्रूम या विंचेल्सीच्या प्रतिनिधीने. 7 फेब्रुवारी 1828 रोजी कायद्याच्या सुधारणेवर त्याने कॉमन्समध्ये सहा तासांहून अधिक वेळ भाषण केले. या भाषणात त्याने टोपीभर संत्री फस्त केली अशी दंतकथा आहे. वरिष्ठ न्यायालयांच्या दिरंगाईपासून जमिनीच्या कायद्यापर्यंत सर्व विषयांचा समाचार घेताना तो जस्टिस मंडळींकडेही वळला. त्यांची नेमणूक नावापुरती राजमुद्रेने होत असली, तरी प्रत्यक्षात काउंटीचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा तेथील उमराव प्रतिनिधी, ज्याचे नाव सुचवेल तोच नेमला जातो, मग या निवडीचे उत्तरदायित्व कोणावर, असा त्याच्या टीकेचा रोख होता. एकदा नेमलेला माणूस सहसा हलवता येत नाही, गुत्त्याचा परवाना द्यायचा की नाकारायचा हे तोच ठरवतो, आणि शिकारीच्या कायद्याखाली ससा मारणाऱ्या मजुराला शिक्षा ठोठावणारा बहुधा शिकारीचे रान राखणाराच असतो, या गोष्टी सभागृहातील जमीनदारांना ऐकवणे सोपे नव्हते. न्यायासनावर बसणाऱ्या पाद्र्यांवर तर त्याचा विशेष राग होता. धर्मोपदेशक आणि न्यायाधीश या दोन्ही चांगल्या भूमिका एकत्र आल्या की दोन्ही बिघडतात, असे त्याने उपरोधाने सुचवले. गंमत अशी की दोनच वर्षांनी ब्रूम स्वतः लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायखात्याचा प्रमुख झाला आणि या नेमणुका त्याच्याच अधिकारात आल्या. तरीही काउंटीमध्ये लॉर्ड लेफ्टनंटचा शब्द पूर्वीसारखाच चालत राहिला.

याच सुमारास हे पद मुंबईत वेगळ्याच वादाचा विषय झाले होते. 1793 च्या सनदी कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाखा शहरांत जस्टिस ऑफ द पीस नेमण्याची तरतूद केली होती आणि रस्ते झाडण्यासाठी माणसे ठेवणे, रस्त्यांची दुरुस्ती करणे व त्यासाठी घरांवर पट्टी बसवणे ही कामेही त्यांच्याकडे दिली होती. म्हणजे इंग्लंडमधील क्वार्टर सेशन्सचा दुहेरी स्वभाव समुद्र ओलांडून जसाच्या तसा आला होता. फक्त ही जागा एतद्देशीयांना मिळत नव्हती. ज्यूरीसंबंधीच्या 1826 च्या कायद्यात धर्मावरून भेद केलेला असल्याने असंतोष होताच. मुंबईतील हिंदू, पारशी आणि मुसलमान रहिवाशांनी ब्रिटिश संसदेकडे अर्ज पाठवला, ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक मंडळाचा अध्यक्ष चार्ल्स ग्रँट याने कंपनीच्या संचालकांचा विरोध बाजूला सारून तो विषय पुढे नेला, आणि 1832 च्या कायद्याने इलाखा शहरांतील ग्रँड ज्यूरीची, म्हणजे खटला उभा राहावा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांची, व जस्टिसची जागा एतद्देशीयांना खुली झाली. 1834 मध्ये मुंबईत जे पहिले भारतीय जे. पी. नेमले गेले, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई होते. ज्या पदाला इंग्लंडमधील सुधारणावादी जमीनदारांची मिरास म्हणून झोडपत होते, तेच मुंबईतील शेठसावकारांना राज्यकारभारात पाऊल ठेवण्याची पहिली पायरी वाटले, आणि ते तसे वाटण्यात चूक काही नव्हती.

ही पायरी नुसती शोभेची राहिली नाही. 1845 मध्ये शहराच्या स्वच्छतेसाठी जे मंडळ स्थापन झाले, त्यात वरिष्ठ पोलीस मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टर यांच्या जोडीला दोन युरोपियन व तीन भारतीय जस्टिस होते. 1865 च्या कायद्याने तर सर्व जस्टिस मिळून शहराची महापालिका ठरली आणि कारभाराची सूत्रे आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती गेली. क्रॉफर्डने धडाक्याने बाजार, रस्ते, गटारे बांधली. पैसाही तसाच पाण्यासारखा ओतला, आणि 1871 मध्ये करदाते खवळून उठले. सरकारने निवडलेले, लोकांना उत्तर द्यायला बांधील नसलेले जस्टिस खर्चावर लगाम कसा ठेवणार, हा तेव्हाचा मुख्य सवाल होता आणि तरुण फिरोजशहा मेहतांनी त्यावर लोकनियुक्त प्रतिनिधींचा उपाय मांडला. 1872 च्या कायद्याने 64 सभासदांची महापालिका आली: निम्मे करदात्यांनी निवडलेले, पाव जस्टिस मंडळींनी निवडलेले, पाव सरकारनियुक्त. काउंटीचा कारभार क्वार्टर सेशन्सकडून काढून लोकनियुक्त मंडळांकडे देण्याचे काम खुद्द इंग्लंडमध्ये व्हायला 1888 साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले तर या एका बाबतीत मुंबई सोळा वर्षे पुढे होती.

भारतातील मानद, म्हणजे बिनपगारी, मॅजिस्ट्रेट पुढेही फौजदारी संहितेच्या आधाराने टिकून राहिले आणि रावबहादुरांच्या पदव्यांबरोबरच त्यांच्या नेमणुकांकडेही राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून पाहिले गेले. 1 एप्रिल 1974 पासून अमलात आलेल्या 1973 च्या संहितेने विशेष न्यायदंडाधिकारी होण्यासाठी सरकारी पदाचा अनुभव आणि उच्च न्यायालयाने ठरवलेली कायदेविषयक पात्रता आवश्यक केली, तेव्हा जुन्या अर्थाचा मानद मॅजिस्ट्रेट संपला. महाराष्ट्रात त्याची सावली मात्र विशेष कार्यकारी दंडाधिकारी आणि पुढे विशेष कार्यकारी अधिकारी या रूपाने मागे राहिली. खटला चालवण्याचा अधिकार नाही, पण दाखल्यावर शिक्का मारण्याचा आहे, आणि नेमणुकीसाठी पक्ष कार्यकर्त्यांची रांग आहे.

इंग्लंडमध्ये नेमणुकीचा प्रश्न पुन्हा पेटला तो 1906 मध्ये, लिबरल पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आल्यावर. निवडून आलेल्यांना आपापल्या मतदारसंघातील न्यायासने विरोधी टोरी पक्षाच्या जमीनदारांनी भरलेली दिसली आणि आपल्या लोकांची वर्णी लावावी यासाठी त्यांनी लॉर्ड चॅन्सेलर लोरबर्न याच्यामागे लकडा लावला. लोरबर्न त्यांच्याच पक्षाचा. पण न्यायासन हे पक्षाचे इनाम नव्हे या भूमिकेवरून तो हलला नाही. मालमत्तेची अट मात्र त्याच वर्षी रद्द झाली, 1909 मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशीनुसार नावे सुचवण्यासाठी स्थानिक सल्लागार समित्या आल्या. स्वपक्षीयांना हवे ते न देता प्रश्नाचे मूळ शोधणारा हा चॅन्सेलर ब्रूमपेक्षा कमी प्रसिद्ध असला, तरी या विषयात त्याचे काम अधिक टिकाऊ ठरले. 1919 च्या कायद्याने लिंगभेदाची आडकाठी दूर होताच 31 डिसेंबर रोजी स्टॅलिब्रिजच्या महापौर एडा समर्स यांनी पहिली महिला जस्टिस म्हणून शपथ घेतली. आज इंग्लंडच्या न्यायासनावर निम्म्याहून अधिक महिला आहेत. नव्या मॅजिस्ट्रेटना प्रशिक्षण सक्तीचे व्हायला मात्र 1966 उजाडले.

अलीकडच्या प्रश्नांचा सूर निराळा आहे. 1902 पासून कॉमन्समध्ये लेखी उत्तराचे प्रश्न विचारण्याची सोय आहे, आपल्या विधिमंडळातील अतारांकित प्रश्नांसारखी, आणि मॅजिस्ट्रेटविषयी येणारे प्रश्न बहुतेक आकड्यांचे असतात: किती उरले, किती निवृत्त होणार, कोणते न्यायालय बंद झाले. त्याला कारणही आहे. 2012 मध्ये सुमारे 25 हजार असलेली त्यांची संख्या 2020 पर्यंत 13 हजारांच्या आसपास आली, आणि 2010 नंतरच्या दशकात सुमारे निम्मी मॅजिस्ट्रेट न्यायालये बंद झाल्याने साक्षीदाराला दोन बस बदलून परगावी जाण्याची पाळी आली. ज्या स्थानिकतेच्या नावावर हे पद उभे राहिले, तीच इमारतींबरोबर विकली गेली, ही तक्रार ग्रामीण भागातील प्रतिनिधी सातत्याने मांडतात. 2015 पासून तर दूरचित्रवाणीचा परवाना न घेण्यासारख्या किरकोळ गुन्ह्यांत एकच मॅजिस्ट्रेट विधी सल्लागाराच्या मदतीने, आरोपी वा प्रेक्षक समोर नसताना, केवळ कागद वाचून निकाल देऊ शकतो.

शिक्षेच्या अधिकाराचा खेळ याहून बोलका आहे. एका गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद देण्याची मॅजिस्ट्रेटची मर्यादा मे 2022 मध्ये बारा महिन्यांवर नेली, कारण क्राउन कोर्टात, म्हणजे ज्यूरीसह गंभीर खटले चालवणाऱ्या वरच्या न्यायालयात, खटले तुंबले होते. मार्च 2023 मध्ये ती पुन्हा सहावर आणली, कारण तुरुंग भरत चालले होते. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा बारा केली. मॅजिस्ट्रेट अधिक जाणते झाले की अजाणते, हा मुद्दा तिन्ही वेळा गौण राहिला. जुलै 2025 मध्ये सर ब्रायन लेव्हसन यांच्या समीक्षेने काही खटले ज्यूरीऐवजी एक न्यायाधीश आणि दोन मॅजिस्ट्रेट यांच्यापुढे चालवावेत असे सुचवले, आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. क्राउन कोर्टात मॅजिस्ट्रेटच्या निकालांवरील अपिले मात्र न्यायाधीश आणि दोन मॅजिस्ट्रेट असेच पीठ कित्येक दशकांपासून ऐकत आले आहे.