तळटीप : ‘आतील. लोकलचा डबा. सकाळ’

पटकथेत प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर आत की बाहेर, स्थळ कोणतं, वेळ कोणती, एवढंच लिहितात. या ओळीवरूनच एका ठिकाणची दृश्यं हुडकून त्यांचं शूटिंग एकत्र लावलं जातं. म्हणून तिथे वर्णनाचा फुलोरा नको.

लोकलमध्ये मात्र पंचाईत होते. ठाणं गेलं, मुलुंड आलं, तरी डबा तोच. तेव्हा शीर्षकही एकच पुरतं.

निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) नायक माधव आपटेचं रोजचं रहाटगाडगं झरझर तुकड्यांतून दिसतं. असा भाग कागदावर उतरवताना वर ‘मोंताज’ लिहून खाली एकेका ओळीत एकेक कृती मांडणं उत्तम : गजर. डबा भरणं. फलाट. गर्दी.

पानाला एक मिनिट हा पटकथेचा ठोकताळा अशा पानांना लागू पडत नाही.